आवाज निजेपर्यंत

टेम्पोतून पियानो उतरला आणि मंगल कार्यालयाच्या दारात जमलेल्या बायकांचा हिरमोड झाला. दारावरच्या फ्लेक्सवर आबांच्या मुलाने, बाळासोंनी, कुठूनतरी काढून एक काळाभोर, लांबलचक, झाकण उघडलेला पियानो छापून घेतला होता. त्याच्या एका अंगाला फेटा बांधलेले आबा आणि 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा', दुसऱ्या अंगाला आबांची नात, बाळासोंची मुलगी शिवांजली आणि 'आंतरराष्ट्रीय पियानोवादक'. सांगलीहून गाद्यांत गुंडाळून आला तो मात्र भिंतीला टेकवून ठेवायचा, तपकिरी, उभा पियानो.

"ह्यो तर कपाट हाय की रं," बनुबाई म्हणाल्या. आबांची ही थोरली बहीण आदल्या दिवशीच म्हसवडहून आली होती आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत होती.

"आवं आत्या, पियानोच हाय त्यो. उभा असतोय," बाळासो म्हणाले.

"मग त्यो फ्लेक्सवरचा?"

"त्यो आडवा."

"मग ह्याला काय उभं ऱ्हायाची शिक्षा केलीया व्हय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाळासोही हसले, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. पाचगणीहून निघालेली पांढरी गाडी अजून आली नव्हती.

संयोगिता टेम्पोवाल्याशेजारी बसूनच आली होती. आबांची ही मुलगी, बाळासोंची धाकटी बहीण, सांगलीत शाळेत शिकवून आता निवृत्त झालेली. सांगली ते उंब्रज तिचा अर्धा जीव मागच्या गाद्यांत अडकला होता. पियानो तिच्या घरातला, पण तिने तो कधी वाजवला नव्हता. शिवांजली कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आली तेव्हा संयोगिताच्या यजमानांनी मिरजेच्या एका जुन्या बंगल्यातून तो आणला होता. दोन हजार एकोणीसच्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा यजमानांनी आधी शेजाऱ्यांना हाका मारून पियानो जिन्यावर चढवला, मग गव्हाची पोती. "गहू भिजला तर दुसरा मिळंल," असं ते म्हणाले होते. आता ते नव्हते. पियानो आपला जिन्याखालच्या जुन्या जागी उभा असे आणि शिवांजली भारतात आली की महिनाभर घर पुन्हा बोलायला लागे.

खरं तर सगळं सुरू झालं ते पाचगणीला. आबा लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. तिथून सुटल्यावर पाचगणीच्या एका निवासी शाळेत बँडमास्तर झाले. सुट्टीत मुलं घरी गेली की ते नातीला तिकडे घेऊन जात. संगीताच्या खोलीत बाहेरून धुकं येई, आणि आबा टेबलाशी बसून बँडच्या मुलांसाठी नव्या चाली हाताने लिहून काढत. पाच ओळींवरचे ते काळे ठिपके शिवांजली मराठी मुळाक्षरांच्या आधी वाचायला शिकली. पण छापील पुस्तकातल्या धड्यांत तिचा जीव रमत नसे. आबांच्या कागदावरची शाई वाळायच्या आत तो पळवायचा आणि तिथल्या पियानोवर लावून वाजवायचा, हा तिचा खेळ. "आगं थांब, अजून संपलं न्हाई ते," आबा ओरडत. "म्हणून तर," ती म्हणे.

पुढे जर्मनीत शिकायला गेली तेव्हाही तेच. तिथल्या गुरूंनी सांगितलं, तुझा हात चांगला आहे, दोनशे वर्षांपूर्वीच्या थोरांचं वाजव, मोठी सभागृहं मिळतील. ही गेली जिवंत माणसांकडे. जे आज लिहितात, ज्यांच्या दाराची घंटा वाजवून विचारता येतं, की बाई, हा स्वर असाच हवा का? गेली बारा-तेरा वर्षं ती तेच वाजवत होती. कुणी पियानोच्या तारा बोटांनी छेडायला सांगे, कुणी नुसत्या एका हाताने वाजवायला. तिच्या हातून पहिल्यांदा वाजलेल्या रचना साठाच्या वर गेल्या होत्या. ऐकायला मात्र कधी पन्नास माणसं, कधी वीस.

बाळासोंना यातलं एकच कळत होतं. "जुनं सोन्यासारखं पडलंय, आन हिला कालचंच पायजे," ते म्हणत.

*

कार्यालयातल्या 'वधूपक्ष' असं लिहिलेल्या खोलीत शिवांजली चहाच्या पेल्याभोवती बोटं शेकत बसली होती. माघ उतरणीला लागला होता तरी सकाळ गार होती.

"त्या आल्या," संयोगिता आत येत म्हणाली. "गाडी लागली दारात. तुझे तात्या नारळ घेऊन धावलेत. नवरदेव आल्यासारखं चाललंय."

त्या म्हणजे पाचगणीच्या त्याच शाळेच्या प्राचार्यबाई. आबांचा जुना संबंध म्हणून त्यांना सोहळ्याचं आमंत्रण होतं, पण त्या एवढ्यासाठी येत नव्हत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेला संगीतविभागाची प्रमुख हवी होती. कायमची नोकरी, आवारातच बंगला. अट एकच. शाळा चालू असताना बाहेरचे दौरे बंद. मुलांच्या परीक्षा, प्रार्थना, वार्षिक संमेलन. उत्तर त्यांना आज हवं होतं.

"आत्या, मी हो म्हणेन असं वाटतंय."

संयोगिता दाराशीच थांबली. "तात्यांनी रेटलं म्हणून?"

"नाही गं. गेल्या महिन्यात जर्मनीत एका गावी वाजवलं. अकरा माणसं होती. त्यातला एक संगीतकार, एक त्याची बायको, आणि दोघं पावसातून आत आलेली." ती हसली. "वाईट नव्हतं. छान ऐकलं त्यांनी. पण परत येताना गाडीत वाटलं, मी हे कुणासाठी करते? माझ्या आईने मला कधी ऐकलेलं नाही. म्हणजे घरी ऐकलंय, पण मी जे खरं वाजवते ते नाही. माझी चूक आहे. इथे आले की मी सोपं काहीतरी वाजवून वेळ मारून नेते."

"मग आज?"

"आज फिनलंडच्या एल्लाबाईंचं वाजवणार. माझ्यासाठीच लिहिलंय त्यांनी, बारा मिनिटांचं. आपली माणसं बसली, ऐकलं, तर मी जाईन परत आणि हेच करीन. नाही बसली, तर पाचगणी. मुलांना शिकवणं काही वाईट काम नाही."

"अगं, पण तीनशे माणसं जेवायला आलीत. त्यांच्यावर कसली परीक्षा ठेवतेस?"

"त्यांच्यावर नाही. त्या संगीतावर."

तेवढ्यात बाळासो आले. कपाळावर घाम, हातात नारळ तसाच.

"शिवा, बाईस्नी पुढच्या रांगंत बसिवलंय. चेरमनसायबबी आल्यात कारखान्याचं. तवा असं कर, एकांदं समद्यांच्या वळकीचं वाजीव. देवाचं. लोक टाळ्या वाजीवत्याली बराबर."

"तात्या, मी दुसरं ठरवलंय."

"ते वाजीव की नंतर! जेवताना."

"जेवताना नाही वाजवायचं ते," संयोगिता मध्ये पडली. "दादा, तिला तिचं करू दे. आबांचा दिवस आहे, आबांनीच सांगितलंय तिला."

"कवा सांगितलं?"

"सकाळी."

आबांनी सकाळी असं काही सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, दाढी नीट झालीय का बघ. पण संयोगिता पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिचा चेहरा हलला नाही. बाळासोंनी एकदा बहिणीकडे, एकदा मुलीकडे पाहिलं.

"तुमी दोघी एक झाला म्हणजे मी संपलोच," ते म्हणाले आणि निघाले. दारातून मागे वळले. "शिवा, त्या बाईंच्या म्होरं हसं नको गं व्हायला. तुझं हसं झालं तर मला सोसायचं न्हाई."

ते गेल्यावर शिवांजलीने पेला खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तात्यांनी नोकरीची काळजी, लग्नाची काळजी, परक्या मुलखाची काळजी सगळं बोलून दाखवलं होतं. हे कधी बोलले नव्हते.

*

शिवांजलीच्या आईचा, लीलाबाईंचा जीव कणकेच्या दिव्यांत होता. एक्क्याऐंशी दिवे, शेजारणींना घेऊन पहाटे उठून उकडलेले, चार परातींत मांडलेले. पोरीचं वाजवणं झालं की ताबडतोब सासऱ्यांना ओवाळायचं, मग पंगत, असं बाळासोंनी बजावलं होतं. म्हणून बायकांनी वाजवणं सुरू व्हायच्या आधीच वाती पेटवल्या, आणि ज्योती विझू नयेत म्हणून पंखे बंद करायला लावले.

पियानोच्या पुढची फळी शिवांजलीने काढून ठेवली होती. आतल्या तारा उघड्या दिसत होत्या. आबा व्यासपीठावर, पियानोपासून दोन हातांवर, शाल पांघरून सरळ पाठीने बसले होते. बनुबाईंनी आपली खुर्ची उचलून भावाशेजारी आणवली होती.

शिवांजलीने सुरुवात केली. आधी एकच खालचा स्वर, मग त्याच्यावर दुसरा, लांब, जणू शेताच्या या बांधावरून त्या बांधावर कुणी हाक देतंय. लोकांनी माना उंचावल्या. पाठीमागे कुणीतरी "सुरू झालं का अजून जुळिवतीया?" असं विचारलं आणि कुणीतरी त्याला दटावलं. मध्येच स्वरांचा लोंढा आला, इतका की पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. चेअरमनसाहेबांनी मोबाइल काढला. बाळासोंनी ते पाहिलं आणि त्यांचे कान तापले.

लीलाबाई परातीजवळ उभ्या होत्या. त्यांना कळत काहीच नव्हतं, पण लेकीची पाठ दिसत होती. लहानपणी ताप आला की ती अशीच पाठ ताठ करून बसायची. कडेचे दोन दिवे विझले, ते त्यांनी पुन्हा लावले.

मग एक मोठा, भरघोस आघात झाला आणि शिवांजलीने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

रचना संपली नव्हती. इथे एल्लाबाईंनी लिहिलं होतं, पाय पेडलवरून काढायचा नाही, तारा मोकळ्या ठेवायच्या, आणि आवाज पूर्ण निजेपर्यंत थांबायचं. मग शेवटचं पान. हेलसिंकीत लोकांनी इथे श्वास रोखला होता.

उंब्रजात लीलाबाईंनी हात मांडीवर गेलेले पाहिले. दिवे तर विझायला आलेले. "चला गं," त्या म्हणाल्या.

चौघी सुवासिनी परात घेऊन व्यासपीठावर चढल्या, त्यांच्यामागे आणखी दहा-बारा. संयोगिता खुर्चीतून अर्धी उठली, "वहिनी, थांबा..." पण वहिनींपर्यंत आवाज पोचला नाही. पियानो आणि आबा यांच्यामधल्या जागेत बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओवाळणीचं गाणं उचललं. मोकळ्या, उंच, शेतात कमावलेल्या आवाजात.

शिवांजलीला क्षणभर रडू आलं. झालं, असं तिला वाटलं. आपली माणसं बसली नाहीत. रागावण्यासारखं यात काही नव्हतं, आई आपल्या कामाला लागली होती, एवढंच. आता पाय उचलावा, उठावं आणि आबांच्या पाया पडावं. पुढच्या रांगेत प्राचार्यबाई होत्या, त्यांनाही सांगून टाकावं.

पण पाय उठेना. पायाच्या तळव्याला काहीतरी जाणवत होतं. पेडल थरथरत होतं. तिने तारांकडे मान वळवली.

गाण्याचं कडवं संपलं. बायकांनी पुढच्यासाठी श्वास घेतला, आणि त्या मधल्या जागेत तेच गाणं मागून ऐकू आलं. शब्द नव्हते, चालही धड नव्हती. सगळ्यांचे सूर एकत्र मिसळून, खोल विहिरीतून यावेत तसे, हळू घुमत होते.

लीलाबाईंची पाठ पियानोला लागून होती. त्या दचकून वळल्या. "आगं बया! आत कोन गातंय?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. आबांनी शालीतून हात वर केला. "गप. ऐका."

हात बँडमास्तरचा होता. कार्यालय गप्प झालं. पंखे बंद होते, लेकरू रडायचं थांबलं होतं, आणि तीनशे माणसं बायकांचा आवाज तारांमध्ये निजताना ऐकत राहिली. तो पातळ होत गेला, आणखी पातळ. बनुबाई पुढे वाकल्या, कान तारांकडे करून. आवाज आहे की नाही हे कळेनासं झालं, तेव्हा शिवांजलीने शेवटचं पान वाजवलं. दोन-दोन स्वर, अगदी हळू, मध्ये मोठी जागा सोडून. बायका परात धरून तशाच उभ्या होत्या.

संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला पहिला आवाज करायचा नव्हता. शेवटी हायवेवरून उसाची ट्रॉली मोठ्याने गाणं लावून गेली आणि सगळे मोकळेपणी हसले.

"झालं व्हय आता?" लीलाबाईंनी लेकीला विचारलं. "मगाशी झालं न्हवतं?"

"नव्हतं गं आई."

"मग सांगायचं न्हाईस! आमी मधीच घुसलो की."

"बरं झालं घुसलात." शिवांजलीने तारांकडे बोट दाखवलं. "तुम्ही गायला नसतात तर तारा बोलल्या नसत्या. पाय दाबून ठेवला की त्या मोकळ्या असतात. जे ऐकतील ते परत सांगतात."

"काय बी?"

"काहीही."

पंगत मांडली होती, पण बायका उतरेनात. आधी ओवाळून घेतलं, आणि मग एकेकीने पियानोशी तोंड नेऊन 'ऊ' केलं, 'आ' केलं. एक नवी सून उखाणा घेऊन पळाली. पोरांची झुंबड उडाली. शिवांजली पेडल दाबून बसली होती आणि हसत होती.

मग बनुबाई उठल्या. काठी भावाच्या हातात दिली, पियानोच्या कडेला धरलं, वाकल्या. मागच्या बायकांना वाटलं, म्हातारी चेष्टा करणार.

"गुंडा," त्या म्हणाल्या.

उखाणा नाही, राव नाही, काही नाही. आबांनी मान वर केली. म्हसवडच्या त्यांच्या मेहुण्याला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि बहिणीच्या तोंडून ते नाव त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. हाक मारायची तर ती 'आवं' म्हणे, आणि मागे 'ह्येंनी'.

तारांतून नाव परत आलं. आधी घुमणारा उकार, मग लांब जाणारा आकार. बनुबाई डोळे मिटून ते संपेपर्यंत वाकलेल्याच राहिल्या. पाठीमागे एकही बाई हसली नाही.

*

बाळासो खालून हे बघत होते. लहानपणी म्हसवडला सुट्टीला गेलं की ते आत्याला मुद्दाम छळत, "मामाचं नाव सांग, मगच जेवीन." आत्या त्यांना जेवू घालायची, पण नवऱ्याचं नाव सांगायची नाही. आता ते उपरणं तोंडावर धरून हॉलच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथून पंगतीत गेले आणि हातात जिलेबीचं ताट घेतलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

प्राचार्यबाई आणि चेअरमनसाहेब शेजारी-शेजारी बसले होते. संयोगिता मठ्ठा वाढत होती.

"फार वेगळा अनुभव होता," प्राचार्यबाई म्हणाल्या. "आमच्या मुलांना असं शिकवलं तर... बाळासाहेब, मग शिवांजलीताईंचं काय ठरलं?"

बाळासोंनी त्यांच्या पानात दोन जिलेब्या वाढल्या. मग तिसरी.

"मॅडम, जेवा पोटभर. पर ती न्हाई यायची."

संयोगिताच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "दादा! तिला विचारलंस का?"

"इचारायचं काय त्यात?"

"चार महिने माझं डोकं खाल्लंस, तिला समजव, तिला समजव. आणि आता परस्पर नाही म्हणून मोकळा? नाही म्हणायला तरी तिला विचार!"

"तूबी मला आबांचं खोटं सांगितलंस की सकाळी. मी बोललो काय?"

प्राचार्यबाई हसू दाबत पानाकडे बघू लागल्या. चेअरमनसाहेबांनी मोबाइल खिशात घातला.

शिवांजली व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तिथवर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तात्या, माझं मी सांगते," ती म्हणाली आणि प्राचार्यबाईंसमोर जमिनीवर बसली. "मॅडम, सकाळपर्यंत मी येणार होते. मनापासून. पण मला अजून हेच करायचंय. सुट्टीत मी इकडे आले की पाचगणीला येईन, तुमच्या मुलांना हे दाखवीन. नोकरी नको."

"मुलांना आवडेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण ताई, तिकडे वीस-पंचवीस माणसांपुढे... पुरतं का ते?"

उत्तर बाळासोंनीच दिलं. "पुरंल की. एक जरी म्हातारं असलं तरी पुरंल."

शिवांजलीने बापाकडे पाहिलं. त्यांनी ताट पुढच्या माणसापुढे नेलं होतं आणि "घ्या वं, लाजू नका," असं मोठ्याने म्हणत होते.

व्यासपीठावरून हाक आली. "पोरी! शिवा! ये की हिकडं."

बनुबाई पियानोजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. शेजारी आबा, त्यांच्या मांडीवर काठी. लीलाबाई दोघांसाठी पानं वाढून घेऊन आल्या होत्या, पण बनुबाईंनी पान हाताने बाजूला सारलं होतं.

"जेवा आधी, आत्या," लीलाबाई म्हणत होत्या. "गार झालं."

"होऊ दे गार. ह्येंस्नी मला अजून एक सांगायचं ऱ्हायलंय." त्यांनी नातीचा हात धरून तिला बाकावर बसवलं. "ते पायातलं दाब. आन तू नगंस ऐकू."

शिवांजलीने दोन्ही हातांनी कान झाकले, आणि पाय खाली दाबला.